बर्फाची आस, वाऱ्याचा धाक
आयर्लंडमधील हौशी हवामानप्रेमींच्या अंदाजांची एक तपासणी

नोव्हेंबर लागला की आयर्लंडमधील बऱ्याच माणसांची झोप कमी होते. त्यांत शिक्षक असतात, शेतकरी असतात, बसचालक असतात, निवृत्त परिचारिका असतात. हवामान खात्याशी त्यांचा नोकरीचा संबंध नसतो. पण अमेरिकेच्या हवामान सेवेचा संगणक दिवसातून चार वेळा पुढच्या सोळा दिवसांचे नकाशे तयार करतो आणि ते सर्वांना खुले असतात. त्यांतला रात्री उशिरा येणारा संच पाहिल्याशिवाय ही मंडळी अंथरुणाला पाठ टेकत नाहीत. त्यांचा प्रश्न एकच असतो : यंदा बर्फ पडेल का? आणि त्याच्या मागोमाग दुसरा, जरा दबक्या आवाजातला : यंदा वारा किती सुटेल?

२०१० साली मी संशोधनासाठी डब्लिनमध्ये होते. आमच्या प्रयोगशाळेतील एक तंत्रज्ञ या पंथातला होता. ‘यंदाचा हिवाळा कडक जाणार’, असे त्याने ऑक्टोबरातच सांगून टाकले होते. नोव्हेंबरच्या अखेरीस बर्फ सुरू झाला. डिसेंबरात तर कहर झाला. २५ डिसेंबरला मेयो परगण्यातील स्ट्रेड येथे उणे १७.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. विमानतळ वारंवार बंद पडत होता. आमचा तंत्रज्ञ त्या महिन्यात प्रयोगशाळेतला सर्वांत मानाचा माणूस ठरला. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा तेच भाकीत केले. त्यावर विसंबून मी नाताळातले घरी यायचे तिकीट बदलून घेतले, वरचे पैसे भरले आणि आठवडाभर आधीच निघाले. तो हिवाळा अगदी सौम्य गेला. बर्फाने तोंडही दाखवले नाही.

मी विज्ञानात डॉक्टरेट मिळवलेली, आकडेवारीशी रोजचा संबंध असलेली बाई. एका बरोबर आलेल्या भाकितावर मी दुसऱ्याचा भरवसा का ठेवला? हा लेख त्या प्रश्नातून आला आहे. हौशी लोकांची थट्टा करण्याचा हेतू नाही. त्यांच्या विचारपद्धतीत काय चांगले आहे आणि ती नेमकी कुठे घसरते, हे आपण तपासून पाहू. आपल्या विद्यार्थ्यांनाही ही तपासणी उपयोगी पडावी.

बर्फ दुर्मीळ का?

प्रथम भूगोल पाहू. डब्लिनचा अक्षांश सुमारे ५३.३ उत्तर. अटलांटिकच्या पलीकडे कॅनडाच्या लॅब्राडॉरमधील गूस बे हे गाव जवळजवळ याच अक्षांशावर आहे. तेथे जानेवारीचे सरासरी तापमान उणे १५ अंशांच्याही खाली असते. डब्लिनमध्ये ते शून्याच्या वर ५ अंशांच्या आसपास. सूर्य दोघांना सारखाच मिळतो. मग फरक कशाचा? वाऱ्याचा. या अक्षांशांवर वारे प्रामुख्याने पश्चिमेकडून वाहतात. गूस बेला ते गोठलेल्या खंडावरून येतात, आयर्लंडला उन्हाळ्याची ऊब साठवून ठेवलेल्या महासागरावरून. समुद्र सावकाश तापतो आणि सावकाश निवतो, हे आपण सातवी-आठवीत शिकवतोच.

म्हणून आयर्लंडमध्ये बर्फ पडायचा तर हा नेहमीचा पश्चिमवारा अडला पाहिजे आणि हवा पूर्वेकडून किंवा उत्तरेकडून आली पाहिजे. असे अधूनमधून घडते. पण पूर्वेची कोरडी थंड हवा बर्फ आणणार कुठून? तिला पाणी मिळते ते वाटेतल्या आयरिश समुद्रातून. हिवाळ्यात या समुद्राचे पाणी साधारण ७ ते १० अंश असते. त्यावरून फार थंड हवा वाहू लागली की खालची हवा तापते, ओलावते आणि वर उसळते. ढगांच्या लांबच लांब रांगा तयार होतात आणि त्या डब्लिन-विक्लोच्या किनाऱ्यावर बर्फाच्या सरी टाकतात. समुद्रपृष्ठ आणि सुमारे दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांच्या तापमानांत १३ अंशांहून अधिक फरक असला की हे उसळणे जोराने चालते. कोरडी हवा वर जाताना दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंशांनी थंड होते, हे लक्षात घेतले तर १३ हा आकडा कुठून आला ते कळेल.

हौशी मंडळींना हे सारे तोंडपाठ असते. कोणता वारा आइल ऑफ मॅन बेटाच्या आडोशातून येतो आणि त्यामुळे किनाऱ्याचा कोणता पट्टा कोरडा राहतो, याची चर्चा ते तासन्‌तास करतात. पाठ्यपुस्तकातले भौतिकशास्त्र इतक्या आवडीने वापरणारी माणसे मी फार थोडी पाहिली आहेत. त्यांच्याबद्दलची पहिली नोंद म्हणून ही लिहून ठेवली पाहिजे.

एका अंशाचा खेळ

अडचण पुढे आहे. आयर्लंडमधला बर्फ बहुतेक वेळा शून्य अंशाच्या उंबरठ्यावर उभा असतो. गूस बेमध्ये तापमानाचा अंदाज दोन अंशांनी चुकला तर बर्फ बर्फच राहतो. डब्लिनमध्ये दोन अंशांच्या चुकीने दहा सेंटिमीटर बर्फाचा दहा मिलिमीटर पाऊस होतो. अंदाजातली चूक तेवढीच, पण परिणामात जमीनअस्मानाचा फरक.

हौशी मंडळींकडे यासाठी काही ठोकताळे असतात. एक ठोकताळा ८५० हेक्टोपास्कल दाबपातळीवरच्या, म्हणजे सुमारे दीड किलोमीटर उंचीवरच्या तापमानाचा. पूर्वेच्या वाऱ्यात ते उणे ८ च्या आसपास किंवा खाली हवे. दुसरा ठोकताळा १००० आणि ५०० हेक्टोपास्कल या पातळ्यांमधील थराच्या जाडीचा. हवा थंड झाली की आकुंचन पावते, म्हणून थराची जाडी हे त्याच्या सरासरी तापमानाचे माप ठरते. ती ५,२८० मीटरच्या खाली गेली की बर्फाची आशा धरायची.

ठोकताळे चुकीचे नाहीत, पण ते ठोकताळेच आहेत. दोन्ही वरच्या हवेबद्दल बोलतात, आणि बर्फ वितळतो तो जमिनीलगतच्या काहीशे मीटरमध्ये. तेथली हवा कोरडी असेल तर पडणाऱ्या कणांतून पाणी उडून जाते आणि हवा थंड होते. म्हणून साध्या तापमापीवर २ अंश दिसत असतानाही बर्फ जमिनीपर्यंत पोचू शकतो. सर जोराची असेल तर वितळणारे कण आजूबाजूची उष्णता ओढून घेतात. एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी लागतात. त्यामुळे रिमझिम असताना पाऊस आणि सर जोरात आली की बर्फ, असेही होते. नकाशावरच्या एका रेषेकडे बोट दाखवून ‘ही ओलांडली, आता नक्की’, असे म्हणणाऱ्याने हा शेवटचा अर्धा किलोमीटर हिशेबातून वगळलेला असतो.

चाळीस नकाशांतला एक

आता मूळ दोषाकडे येऊ. वातावरणाच्या समीकरणांत सुरुवातीची बारीकशी चूक दिवसागणिक वाढत जाते, हे एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ साली दाखवून दिले. आजचे निरीक्षण कधीच पूर्णपणे अचूक नसते. म्हणून दहा-बारा दिवसांपुढचा एखादा नकाशा म्हणजे अनेक शक्य भविष्यांपैकी एक. हे ओळखून युरोपच्या मध्यम मुदतीच्या हवामान अंदाज केंद्राने आणि अमेरिकेच्या केंद्राने १९९२ पासून एकाऐवजी अंदाजांचा समूहच काढायला सुरुवात केली. सुरुवातीची स्थिती किंचित बदलून प्रारूप पुन्हा पुन्हा चालवायचे आणि किती वेळा काय निघते ते पाहायचे. युरोपीय केंद्राच्या समूहात आज ५१ अंदाज असतात. ५१ पैकी ५ अंदाजांत बर्फ दिसला तर शक्यता साधारण दहा टक्के, असे ढोबळमानाने म्हणता येते.

हौशी वर्तुळात मात्र होते असे : समूह बाजूला राहतो आणि त्यातला सर्वांत देखणा नकाशा हातोहात फिरतो. सगळे आयर्लंड निळ्या-जांभळ्या रंगात बुडालेले, तारीख बारा दिवसांनंतरची. सहा तासांनी नवा नकाशा येतो, त्यात काहीच नसते. मग म्हणायचे की हा संच नेहमीच गडबड करतो, पुढचा पाहू.

यातला सापळा साध्या गुणाकाराने दाखवता येतो. समजा, कोणत्याही एका सोळा दिवसांच्या नकाशासंचात डब्लिनवर बर्फ दिसण्याची शक्यता अवघी ५ टक्के आहे. हा आकडा मी उदाहरणासाठी घेतला आहे. दिवसाला चार संच, म्हणजे दहा दिवसांत चाळीस. एकातही बर्फ न दिसण्याची शक्यता ०.९५ चा चाळिसावा घात, म्हणजे सुमारे ०.१३. अर्थात, निदान एका नकाशात तरी बर्फ दिसण्याची शक्यता ८७ टक्के! प्रत्यक्षात लागोपाठचे संच एकमेकांपासून पूर्णपणे स्वतंत्र नसतात, त्यामुळे खरा आकडा कमी येईल. तरीही मुद्दा टिकतो. पुरेसे नकाशे पाहणाऱ्याला हवा तो नकाशा सापडतोच. तो सापडणे ही हवामानाबद्दलची बातमी नसून पाहणाऱ्याच्या चिकाटीबद्दलची बातमी असते.

‘शक्यता आहे’ म्हणजे किती?

दुसरा दोष भाषेचा. ‘महिन्याच्या मध्याला काहीतरी रंजक घडण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ अशी वाक्ये या वर्तुळात सर्रास ऐकू येतात. या वाक्याला खोटे कसे पाडणार? बर्फ पडला तर ते खरे. नाही पडला तरी शक्यता होतीच की! जे विधान कोणत्याही घटनेने खोटे ठरत नाही, ते काही सांगतही नाही.

यावर उपाय आकड्याचा. किती टक्के, कुठे, कोणत्या तारखेपर्यंत आणि किती सेंटिमीटर, हे चार शब्द घातले की तेच विधान तपासण्याजोगे होते. तपासण्याची रीतही जुनी आहे. ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली सुचवलेले माप कुठल्याही दहावीच्या विद्यार्थ्याला समजेल. घटना घडली तर १, नाही घडली तर ०. सांगितलेली शक्यता आणि हा आकडा यांच्या फरकाचा वर्ग करायचा, सगळ्या वेळांची सरासरी काढायची. आकडा जितका लहान तितका अंदाज चांगला.

दहा आठवडे घेऊ, त्यांपैकी एकाच आठवड्यात बर्फ पडला असे धरू. पहिला माणूस उत्साही आहे. तो दर आठवड्याला ६० टक्के सांगतो. त्याचे नऊ आठवड्यांचे वर्ग प्रत्येकी ०.३६, बर्फाच्या आठवड्याचा ०.१६. सरासरी ०.३४. दुसऱ्याला नकाशे वाचता येत नाहीत, पण दहांत एकदा बर्फ पडतो एवढे माहीत आहे. तो डोळे मिटून दर वेळी १० टक्के सांगतो. त्याची सरासरी ०.०९. तिसरी व्यक्ती अभ्यासू आहे. नऊ आठवडे तिने ५ टक्के सांगितले आणि बर्फाच्या आठवड्यात ३० टक्के. तिची सरासरी सुमारे ०.०५.

गंमत पाहा. बर्फाच्या आठवड्यात पहिल्याने ६० टक्के सांगितले होते, तिसरीने अवघे ३०. लोक पहिल्यालाच खांद्यावर घेऊन नाचतील. पण तो सर्वांत वाईट अंदाजकर्ता आहे. माझा डब्लिनचा तंत्रज्ञ असा पहिला माणूस होता आणि मी त्या नाचणाऱ्यांत होते.

उलट बाजूची फसगतही सांगितली पाहिजे. १८८४ साली अमेरिकेत जॉन फिन्ली यांनी चक्रीवातांचे अंदाज दिले आणि २,८०३ पैकी ९६.६ टक्के अंदाज बरोबर आल्याचा दावा केला. त्याच वर्षी ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी दाखवून दिले, की दर वेळी ‘चक्रीवात येणार नाही’ एवढेच म्हटले असते तर ९८.२ टक्के यश मिळाले असते. दुर्मीळ घटनेच्या बाबतीत ‘किती टक्के बरोबर’ हा प्रश्नच चुकीचा. म्हणून ‘आयर्लंडमध्ये बर्फ पडतच नाही हो’ म्हणणारा शेजारीही विद्वान ठरत नाही, जरी तो बहुतेक वेळा बरोबर असला तरी.

खुणांचे जंगल

तिसरा दोष खुणांच्या मागे धावण्याचा. सायबेरियात ऑक्टोबरात किती बर्फ साचला, सूर्यावर डाग किती, १९४७ च्या हिवाळ्याआधीचा शरद कसा होता, अशा शेकडो खुणा गोळा करून त्यांवरून हिवाळा सांगितला जातो. काही खुणांना खरा आधार आहे. बारा फेब्रुवारी २०१८ ला ध्रुवप्रदेशावरील स्थितांबर एकाएकी तापले, तेथला पश्चिमवाऱ्यांचा भोवरा मोडला आणि महिनाअखेरीस पूर्वेची बोचरी हवा आयर्लंडवर आली. दक्षिणेकडून आलेले एमा वादळ १ आणि २ मार्चला तिला भिडले. देशभर लाल इशारा होता, दुकानांतील पावाची फडताळे रिकामी झाली. तेव्हापासून ‘स्थितांबर तापले’ हे शब्द हौशी मंडळींना मंत्रासारखे झाले. पण जानेवारी २०१९ च्या आरंभी स्थितांबर पुन्हा तसेच तापले आणि हौशी मंडळी सरसावून बसली. २०१८ ची पुनरावृत्ती मात्र झाली नाही. उलट त्या फेब्रुवारीच्या अखेरीस शेजारच्या लंडनमधील क्यू येथे २१.२ अंश तापमानाची नोंद झाली. स्थितांबर तापले की थंडीची शक्यता वाढते, एवढेच खरे. वाढलेली शक्यता म्हणजे खात्री नव्हे.

या ठिकाणी एका भारतीय धाग्याची आठवण करून द्यावीशी वाटते. आयर्लंडचा हिवाळा ज्यावर फार अवलंबून असतो, ते ‘उत्तर अटलांटिक दोलन’ म्हणजे आइसलँडजवळचा कमी दाब आणि अझोर्स बेटांजवळचा जास्त दाब यांच्यातील चढउतार. हा फरक घटला की पश्चिमवारा मंदावतो आणि पूर्वेच्या थंडीला वाट मिळते. २०१० च्या डिसेंबरात नेमके हेच झाले होते. या दोलनाला नाव दिले सर गिल्बर्ट वॉकर यांनी. १९०४ ते १९२४ या काळात ते भारतीय वेधशाळांचे प्रमुख होते आणि आपल्या मोसमी पावसाचा आगाऊ अंदाज देण्यासाठी जगभरच्या दाबाच्या आणि पावसाच्या नोंदी पडताळून पाहत होते. म्हणजे डब्लिनच्या बर्फाची किल्ली सापडली ती आपल्या पावसाच्या शोधात.

वॉकर यांचा मोठेपणा एवढाच नाही. शेकडो सहसंबंध काढले की त्यांतले काही निव्वळ योगायोगाने मोठे दिसणार, हे त्यांनी ओळखले होते. शंभरांतून निवडलेल्या सर्वांत मोठ्या आकड्याची कसोटी एकट्या आकड्यापेक्षा कडक हवी, असे त्यांनी १९१४ मध्येच गणिताने मांडले. खुणांच्या जंगलात शिरणाऱ्या प्रत्येक हौशी अंदाजकर्त्याने हे वाचायला हवे. आम्हा व्यावसायिकांपैकी अनेकांनीही.

वारा : जिथे खेळ संपतो

इथपर्यंत कोणी म्हणेल, की बर्फाचा अंदाज चुकला तर काय बिघडले? मुलांची घसरगाडी माळ्यावर राहिली, एवढेच. माझे तिकिटाचे पैसे गेले, तेही किरकोळ. खरे आहे. पण हीच मंडळी याच पद्धतीने वाऱ्याबद्दलही बोलतात, आणि वारा ही वेगळी गोष्ट आहे.

आयरिश माणसाच्या स्मृतीत ६ जानेवारी १८३९ ची रात्र ‘मोठ्या वाऱ्याची रात्र’ म्हणून कोरली गेली आहे. आदल्या दिवशी जोराचा बर्फ पडला होता. त्या दिवशी हवा विलक्षण उबदार आणि निश्चल झाली आणि रात्री वाऱ्याने घरांची छपरे उडवली. शेकडो माणसे दगावली. पुढे १९०९ पासून सत्तरीच्या वरच्यांना सरकारी पेन्शन सुरू झाली. आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्मनोंदी १८६४ पासूनच्या, मग वय सिद्ध करायचे कसे? ‘मोठ्या वाऱ्याची रात्र आठवते का?’ हा प्रश्न वयाचा दाखला म्हणून विचारला गेला. वादळाची आठवण इतकी खोल असते.

अलीकडचे उदाहरण २४ जानेवारी २०२५ चे. २१ जानेवारीला अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर न्यू ऑर्लिन्ससारख्या शहरात विक्रमी बर्फ पडला. तिकडे उतरलेली ध्रुवीय हवा आणि शेजारची उबदार हवा यांच्यातील तफावतीने अटलांटिकवरचा जेट प्रवाह अधिकच वेगवान झाला. त्याच्या जोरावर एओविन वादळ झपाट्याने खोल होत आयर्लंडवर आले. गॉलवे परगण्यातील मेस हेड येथे झोताचा वेग ताशी १८० किलोमीटरच्या वर गेला. फॉइन्सचा जानेवारी १९४५ चा विक्रम मोडला. सुमारे ७ लाख ६८ हजार ग्राहकांची वीज गेली. झाड मोटारीवर कोसळून एक तरुण दगावला. हौशी मंडळी अमेरिकेतल्या थंडीकडे आशेने पाहत असतात, ‘ती आपल्याकडे कधी येईल’ म्हणून. ती थंडी आली, पण वारा होऊन.

बर्फ आणि वारा यांच्यात फरक हा, की वाऱ्याच्या बाबतीत लहान शक्यतेलाही मोल असते. बचावाचा खर्च नुकसानीच्या दहाव्या हिश्शाएवढा असेल तर दहा टक्के शक्यतेलाच हालचाल करावी. मेंढपाळाने मेंढ्या खाली आणायच्या की नाही, मच्छीमाराने होडी ओढायची की नाही, हे अशा हिशेबावर ठरते. पण त्यासाठी सांगितलेले दहा टक्के खरोखर दहा असावे लागतात. बारा दिवस आधीच्या एकेका नकाशावरून चार वेळा ‘महावादळ येतेय’ अशी हाकाटी झाली, तर पाचव्या वेळी लाल इशारा आला तरी माणूस खिडकीबाहेर पाहून मान हलवतो. लांडगा आला रे आला! अतिरंजित अंदाजाची खरी किंमत चुकीच्या दिवशी मोजली जात नाही. ती बरोबर ठरण्याच्या दिवशी मोजावी लागते, आणि अंदाज करणारा सोडून दुसराच कोणी ती मोजतो.

हौसेचे देणे

मग हौशी अंदाज बंद करावेत का? हवामानशास्त्राचा इतिहास याला नाही म्हणतो. ब्रिटनमध्ये रॉबर्ट फिट्‌झरॉय यांनी १८६१ साली वादळाचे इशारे आणि वर्तमानपत्रातील दैनिक अंदाज सुरू केले, तेव्हा अनेक शास्त्रज्ञांनी नाके मुरडली. त्यांच्या मृत्यूनंतर फ्रान्सिस गॉल्टन ज्या समितीवर होते, तिने या अंदाजांना शास्त्रीय पाया नाही असा निर्वाळा दिला आणि १८६६ मध्ये इशारे बंद झाले. टीका बरीचशी रास्त होती. पण किनाऱ्यावरच्या लोकांना अपूर्ण इशाराही हवा होता. त्यांनी ओरड केली आणि पुढच्याच वर्षी वादळाचे इशारे पुन्हा सुरू करावे लागले. टीकाकाराने हे विसरू नये. चूक दाखवणे निराळे आणि दिवा विझवणे निराळे.

दुसरी गोष्ट मेयोच्या किनाऱ्यावरील ब्लॅकसॉडची. जून १९४४ च्या पहिल्या आठवड्यात तेथल्या टपाल कचेरीत काम करणाऱ्या मॉरीन फ्लॅव्हिन या एकवीस वर्षांच्या मुलीने नेहमीप्रमाणे वायुभारमापक वाचला. दाब झपाट्याने उतरत होता. तिने तो जसा होता तसा कळवला, पुन्हा तपासायला सांगितले तेव्हा पुन्हा तपासून कळवला. त्या आकड्यांचा नॉर्मंडीवरील स्वारी एक दिवस पुढे ढकलण्याच्या निर्णयात मोठा वाटा होता. तिने कोणतेही भाकीत केले नव्हते, प्रामाणिक नोंद केली होती.

आणि इथे मला पुन्हा माझा तंत्रज्ञ आठवतो. त्याच्या परसात पर्जन्यमापक होता. रोज सकाळी नऊला तो मिलिमीटरच्या दशांशापर्यंत पाऊस मोजून वहीत लिहीत असे. बावीस वर्षांच्या वह्या होत्या, एकही दिवस सुटलेला नव्हता. निरोप घेताना मी त्याला सहज विचारले, तुझ्या अंदाजांची वही कुठे आहे? तो हसला. अशी वही नव्हती. पावसाच्या प्रत्येक थेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने स्वतःच्या शब्दांचा एकही हिशेब ठेवला नव्हता.

माझी सारी टीका त्या एका नसलेल्या वहीवर आहे. नकाशे वाचण्याची हौस असावी, बर्फाची आसही असावी. आस असलेला माणूस जास्त बारकाईने पाहतो. फक्त त्याने निरीक्षणाला जी शिस्त लावली, तीच स्वतःच्या अंदाजालाही लावावी.

वर्गासाठी दोन प्रयोग

पहिला : वर्गातल्या चाळीस मुलांना प्रत्येकी पाच वेळा नाणे उडवायला सांगा. पाचही वेळा छापा येण्याची शक्यता बत्तिसांत एक. तरी चाळिसांपैकी निदान एकाला तो येण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के आहे. ज्याला येईल त्याला ‘भविष्यवेत्ता’ म्हणून पुढे बोलवा आणि सहाव्या वेळी काय येणार ते विचारा. पुढचे बोलणे वर्गच करील.

दुसरा : जून ते सप्टेंबर दर शनिवारी प्रत्येक विद्यार्थ्याने वहीत एक आकडा लिहावा, ‘उद्या आपल्या गावी २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस पडण्याची शक्यता इतके टक्के’. सोमवारी शाळेच्या पर्जन्यमापकावरून रविवारी सकाळपासून सोमवारी सकाळपर्यंतचा पाऊस पाहून शेजारी १ किंवा ० लिहावे. सप्टेंबरअखेर ब्रायर यांचे माप काढावे. नेहमी ५० टक्के लिहिणाऱ्याला नेमके ०.२५ गुण पडतात. त्यापेक्षा कमी आणणे हे पहिले आव्हान. शिक्षकांनीही आपली वही ठेवावी आणि वर्गासमोर उघडावी. मी माझी २०१२ पासून ठेवते आहे. पहिल्या पावसाळ्याचा माझा आकडा ०.२५ पेक्षा जास्त होता.